खिसा नाही म्हणून घड्याळ

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडायची म्हणजे पर्स पोटाशी घट्ट धरायची, ओढणीला गाठ मारायची आणि बाकी सगळं देवावर सोडायचं. अशा वेळी पर्सच्या तळाशी, डब्याखाली असलेला फोन वाजला तर ऐकू येत नाही. थरथरला तर आपली पर्स थरथरतेय की शेजारणीची, तेही कळत नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा दादरला उतरून फोन बाहेर काढला, तर मुलीच्या शाळेतून सात मिस्ड कॉल. तिला ताप भरला होता. नवऱ्याला मात्र पहिल्याच रिंगला फोन लागला होता आणि तो तिला घेऊन घरी पोचलाही होता. त्याचा फोन पँटच्या खिशात असतो. माझ्या कुर्तीला खिसाच नव्हता.

त्या रात्री मी स्मार्टवॉच शोधायला बसले. पावलं मोजायला नाही, झोप तपासायला नाही, फॅशन म्हणून तर नाहीच. मला फक्त फोन आलेला कळायला हवा होता.

पहिली चूक म्हणजे ते रात्री साडेअकराला, डोळे मिटत असताना ऑनलाइन मागवलं. अठराशे रुपये, रोझ गोल्ड रंग, फोटोत एका नाजूक हातावर फार छान दिसत होतं. "बायकांसाठी" या शब्दाचा अर्थ अनेक ठिकाणी फक्त रंग असतो, आकार नाही, हे मला खोकं उघडल्यावर कळलं. मनगटावर साबणाची वडी बांधावी तसं ते दिसत होतं. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी खालून बोट जात होतं. सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "अगं, बीपीचं मशीन घरीच आणलंस का?"

बीपी नाही, पण नाडी ते मोजत होतं. मी सोफ्यावर बसून मटार सोलत होते आणि ते म्हणत होतं, १४२. तासाभराने ५१. मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. मग वाचल्यावर कळलं की घड्याळाच्या पोटाला जे हिरवे दिवे असतात, त्यांचा उजेड कातडीतून आत जातो. रक्त हिरवा उजेड शोषतं, आणि प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा उजेड बदलतो. त्यावरून हिशोब. घड्याळ सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो, घड्याळ हलतं, आणि हिशोब कोलमडतो. म्हणजे आकार हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हताच. मोठं घड्याळ माझ्या हातावर शोभत तर नव्हतंच, नीट चालतही नव्हतं. शोभा आणि सोय यांचं भांडण असतं असं मी तोवर समजत होते. इथे दोघी एकाच बाजूला होत्या.

परत करायला गेले तर "बदलून मिळेल, पैसे मिळणार नाहीत." बदलून काय, तेच! शेवटी ते भाच्याला दिलं. त्याच्या हातावर ते छान दिसतं, तोही खूश आहे, त्यामुळे अठराशे रुपये अगदीच पाण्यात गेले असं नाही.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले. मनगटाला दोरा गुंडाळून फूटपट्टीवर मोजला: साडेचौदा सेंटिमीटर. वरचा सपाट भाग जेमतेम साडेचार. मुलीच्या कंपासने पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापल्या, ३५, ४० आणि ४४ मिलिमीटरच्या. चिकटपट्टीने एकेक चकती मनगटावर लावून मी एकेक दिवस घरात वावरले. कणीक मळली, भांडी घासली, कपडे वाळत घातले. नवऱ्याने काहीही विचारलं नाही. वीस वर्षांच्या संसाराचा हा फायदा. ४४ची चकती हात मागे दुमडला की मनगटाच्या हाडाला टोचायची आणि कुर्तीच्या बाहीत अडकायची. ३५ची आहे हे विसरायला व्हायचं. अंदाज हवा असेल तर दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते मनगटावर ठेवून पाहा. आणि दुकानात विचारताना डायल किती मोठी एवढंच विचारू नका. पट्टा जोडतात त्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर महत्त्वाचं. ती टोकं मनगटाच्या कडेबाहेर गेली की घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं.

ऑफिसातल्या एकीच्या हातावर गार्मिन कंपनीचं लिली नावाचं घड्याळ होतं. २०२१ साली आलेलं, ३४ मिलिमीटरचं. काचेखाली बारीक नक्षी. स्क्रीन पेटली नाही तर ते स्मार्टवॉच आहे हे कुणाला कळूही नये. चार्जिंग पाच दिवस टिकतं म्हणाली. मी प्रेमातच पडले. पण त्याच्यावर बोलता येत नाही, फोन आला एवढंच कळतं, मग पर्समध्ये हात घालणं आलंच. खरे काटे असलेली आणि आत सेन्सर लपवलेली घड्याळंही पाहिली. विथिंग्ज नावाच्या फ्रेंच कंपनीची अशी घड्याळं एका चार्जवर महिनाभर चालतात. तीही देखणी, पण तीही मुकीच. ॲपलच्या वाटेला गेले नाही, कारण ते आयफोनशिवाय चालत नाही आणि माझा फोन अँड्रॉइड. शेवटी सॅमसंगचं ४० मिलिमीटरचं, आदल्या वर्षीचं मॉडेल घेतलं. बोलता येतं, हाताला बसतं, फार सुंदर नाही. रोज रात्री मात्र चार्जिंगला लावावं लागतं. फोनला, मुलीच्या टॅबला आणि आता याला, अशी स्वयंपाकघरातल्या प्लगपाशी रांग असते.

लोकलमध्ये पहिल्यांदा मनगट गुरगुरलं तेव्हा मी एका हाताने वरची कडी धरून उभी होते. स्क्रीनवर "आई" अशी अक्षरं. कॉल उचलला आणि आईचा आवाज भरल्या डब्यात घुमला: "अगं, कैरीचं लोणचं केलंय, नेतेस का?" समोरच्या सीटवरची बाई म्हणाली, "न्या, न्या." तेव्हापासून गाडीत मी घड्याळावर बोलत नाही. कोण आहे ते बघते, "गाडीत आहे" असा तयार मेसेज टाकते. खरी सोय तीच. ज्या बोलण्यासाठी एवढं शोधलं ते मी आता फक्त घरात, कणकेचे हात असताना करते.

कणकेवरून आठवलं. हे घड्याळ पोळ्या लाटण्याला चालणं समजतं. हात तालात पुढेमागे झाला की त्याला पावलं वाटतात. वीस पोळ्या झाल्या की काहीशे पावलं जमा! उलट बाजारातून दोन्ही हातात जड पिशव्या घेऊन आलं, हात हलले नाहीत, की अर्धी पावलं गायब. सगळ्यांच्या तोंडी असलेला १०,००० पावलांचा आकडाही मुळात कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" असं होतं. तेव्हापासून मी त्या आकड्याचं दडपण घेणं सोडलं.

आता पट्टा. दुकानात याबद्दल कुणीच बोलत नाही आणि सगळा त्रास तिथेच असतो. घड्याळासोबत सिलिकॉनचा आला. तीन आठवड्यांत मनगटावर लाल गोल चट्टा, त्याला खाज. त्वचेच्या डॉक्टरांनी हात पाहून पहिला प्रश्न विचारला, "भांडी घासताना काढता का?" नाही काढत, पाण्यात चालतं म्हणून तर घेतलं! घड्याळाला पाणी चालतं हो, पण पट्ट्याखाली साबण आणि घाम साचून राहतो तो कातडीला चालत नाही. धुवा, पुसा, रात्री काढून ठेवा, एवढंच औषध. मग चामड्याचा घेतला. देखणा, ऑफिसला शोभणारा, आणि मुंबईच्या पावसात आठ दिवसांत ओल्या चपलेसारखा वास मारणारा. मग स्टीलच्या बारीक जाळीचा, लोहचुंबकाने चिकटणारा. साखळीसारखा दिसायचा, सासूबाईंनाही आवडला. पण त्याने ओढणीचे धागे ओढून काढले आणि फ्रिज उघडताना तो दाराला चिकटायचा.

एका प्रदर्शनात खणाच्या कापडाचे पट्टे दिसले. हिरवा खण, लाल काठ. मी लगेच घेतला. खणाचे दागिने, खणाच्या पर्स आहेतच, मग घड्याळाने काय पाप केलंय? मैत्रिणींनी फोटो काढले. मेमधल्या एका दुपारी ऑफिसात पोचले आणि पाहिलं, तर मनगटाला हिरवं कडं उमटलेलं. रंग गेला होता. आता तो पट्टा फक्त थंडीत आणि एसी हॉलमधल्या कार्यक्रमांना. रोजचा मी फडके रोडच्या घड्याळवाल्याकडून घेतलेला साधा विणलेला नायलॉनचा. त्याने घड्याळ हातात घेऊन उलटं केलं आणि न मोजताच म्हणाला, "वीस एमएम, ताई. हा कुठेही मिळेल." हे मात्र आधी बघून घ्या. काही कंपन्यांचे पट्टे फक्त त्यांचेच बसतात, आणि मग तुम्ही त्यांच्याच दावणीला.

बांगड्यांचा प्रश्न मी सोपा समजत होते. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात दोन पाटल्या. काचेवर महिनाभरात ओरखडे! टाळी वाजवताना, हात जोडताना, झोपेत. दोन्ही हात किती वेळा एकमेकांना भेटतात हे मला माहीतच नव्हतं. शंभर रुपयांची काच वर चिकटवली, प्रश्न मिटला. सासूबाईंची तक्रार वेगळी होती, डावा हात मोकळा दिसतो. माझ्या आईचं एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. ती ते बांगड्यांच्या मागे घालायची आणि तो दागिनाच दिसायचा. गंमत म्हणजे मनगटी घड्याळ ही आधी बायकांचीच वस्तू होती. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १८६८ साली एका हंगेरियन सरदारणीसाठी ते केलं, तेव्हा पुरुष खिशातली साखळीची घड्याळं वापरत होते. त्यांच्याकडे खिसे होते ना! पहिल्या महायुद्धात खंदकात खिशातून घड्याळ काढणं जमेना, तेव्हा कुठे त्यांनी ती सर्रास मनगटावर बांधली.

मी शिंप्याला विचारून पाहिलं होतं, प्रत्येक कुर्तीला खिसा घालाल का म्हणून. "घालतो ताई, पण फिटिंग जाईल," म्हणाला. आणि खरंच गेली.

डिसेंबरात पुण्याला भाचीचं लग्न होतं. पैठणी, नथ, आईच्या पाटल्या, आणि डाव्या हातात काळी चौकोनी पाटी? नाही जमलं. तसं माझं डायल गोल आहे, पण पैठणीवर ते पाटीसारखंच दिसत होतं. काढून पर्समध्ये ठेवलं, पर्स खोलीत ठेवली. मुहूर्त १२ वाजून १९ मिनिटांचा. नवरीचा मामा, म्हणजे माझा भाऊ, हायवेवर अडकलेला. कुठल्या रस्त्याने येऊ हे विचारायला त्याने मला नऊ वेळा फोन केला, कारण कार्यालयाचा पत्ता मलाच नीट माहीत होता. नवरीला मांडवात आणायला मामा पोचला तो धापा टाकत, अंतरपाट धरलेला असताना. माझ्याशी तो जेवणाच्या पंगतीपर्यंत बोलला नाही.

त्या रात्री साडीची घडी घालताना आजी आठवली. नऊवारी नेसायची, आणि तिचे सुटे पैसे, तपकिरीची डबी, किल्ली, सगळं कनवटीला. तिला खिसा नव्हता असं म्हणता येणार नाही. आम्ही पाचवारी झालो आणि तो गेला.

फेब्रुवारीत शेजारच्या बारशाला मी पट्टा काढून नुसतं घड्याळ घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि निऱ्यांच्या बाजूला कमरेत खोचलं. एक सेटिंग बदलावं लागतं, नाहीतर हातावर नसताना ते कळवतच नाही. हातात सगळ्या बांगड्या घातल्या. कुणी गोपाळ घ्या, कुणी गोविंद घ्या चाललं होतं आणि मी पाळण्याच्या पलीकडे हात पसरून उभी होते, तेवढ्यात कमरेशी गुरगुर झाली.

सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी बाळाकडचं लक्ष न काढता हळूच विचारलं, "कोणाचा गं?"