आमची वाटचाल : सहाशे ठोंब

आमची नर्सरी गोव्यात, डिचोली तालुक्यात, वडिलांच्या काजूच्या उतारावर. 2012 च्या सप्टेंबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझ्या दारात दोन ट्रक उभे होते आणि दोन्हींचे हप्ते चालू होते. एक पडेल त्या भावाने विकला, दुसऱ्याने माती ओढायला लागलो. आतेभाऊ भागीदार झाला. त्याला कलमे बांधता यायची, मला गाडी चालवता यायची. नर्सरीला एवढे पुरे, असा आमचा समज. पुढची चार-साडेचार वर्षे काजू, सुपारी, मिरी, अबोली. त्यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही, पोट भरत होते.

मग निळे गवत आले.

ब्लू फेस्क्यू म्हणजे काय ते नर्सरीवाल्यांना सांगायला नको. वीतभर उंचीचा, साळिंदरासारखा गोल ठोंब, पाती सुईसारखी आणि रंग राखेत नीळ कालवल्यासारखा. उरुळी कांचनला पहिल्यांदा पाहिले आणि भुललो. 2017 च्या फेब्रुवारीत एका किनारी हॉटेलच्या बागेचे काम घेतलेल्या कंत्राटदाराने सहाशे ठोंब मागितले. ‘पावसात राहील का रे?’ आतेभावाने विचारले. मी म्हटले, बारमाही आहे. झाड बारमाही खरे, पण दक्षिण युरोपातल्या खडकाळ, कोरड्या माळावर. शून्याखाली वीस अंश थंडी ते हसत सोसते. आमचा जून-जुलै, रात्रीसुद्धा अंगाला चिकटणारी हवा आणि मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कंत्राटदाराला ठाऊक असायला हवे होते, कारण बागेचा नकाशा त्याचा.

वाफा त्याने लॉनच्या पातळीत केला, लाल माती दाबून, वर शेणखताचा जाड थर, आणि लॉनचा स्प्रिंकलर रोज त्याच अंगाने फिरायचा. मी बोललो होतो. ‘तुम्ही माल द्या, बाग आम्ही बघतो,’ हे उत्तर. जुलैत ठोंबांची मधली पाती तपकिरी झाली. एक ठोंब धरून ओढला तर मुळांशिवाय हातात आला, खाली कुजका वास. आठवड्याभरात सगळा वाफा आडवा. बिल अडकले ते अडकलेच, वर ‘डिचोलीचा माल रोगट’ ही बातमी किनाऱ्यावर आमच्याआधी पोचली. दिवाळीपर्यंत एकाही लँडस्केपवाल्याचा फोन नाही. बँकेचा मात्र यायचा. आतेभाऊ सावंतवाडीला सासरी गेला, तिथेच कलमे बांधतो. बोलणे आहे, भागीदारी नाही.

त्या वाफ्यात पुढे प्लास्टिकचे निळे गवत बसवले. मी मुद्दाम जाऊन पाहिले. पावसात ते टिकले, हे मान्य करायला हवे.

आम्हाला वाचवले ते पत्र्याखाली विसरलेल्या, याच गवताच्या चाळीस कुंड्यांनी. काजूच्या रोपांसाठी घातलेला पत्रा, चारी बाजूंनी वारा, आणि गडबडीत पाणी द्यायचेही कुणाला सुचले नव्हते. ऑक्टोबरात पाहतो तर एकोणचाळीस जिवंत. त्यांतल्या तीन घेतल्या फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने. आम्ही त्यांना बाई म्हणतो. मे महिना सरताना त्याच कुंड्या परत घेऊन दारात. ‘पावसाळाभर सांभाळ, भाडे देते.’ तेव्हापासून हा आमचा धंदाच झाला: मेअखेरीस कुंड्या पत्र्याखाली वस्तीला येतात, पाऊस ओसरला की घरी जातात.

आता हे गवत मी फणीने विंचरतो, ती फणीही बाईंचीच. शिंगाची, दोन दात मोडलेली, उवा काढायची. मी वाळकी पाती कोयतीने छाटत होतो, त्या ओरडल्या, ‘हे गवत नव्हे, पोराचे डोके समज!’ बुडापासून वर फणी फिरवायची, मेलेले पाते आपोआप सुटते, जिवंत राहते. फार खालून छाटले तर ठोंब बोडका दिसतो आणि फुटायला फार दिवस घेतो. बाजारात यासाठी हातात धरायचे दातेरी पंजे मिळतात, मी दोन आणले. फणीची सर नाही.

आता विचारले नाही तरी सांगतो. एक भाग माती, एक वाळू, एक बारीक खडी. चिऱ्याची भुकटी नको, ओली झाली की चिकट होते. युरिया बंद. भरपूर खाल्ले की गवत हिरवे होऊन लोळते, उपाशी असले की निळे. पाती कुरवाळू नका, निळाई ही वरच्या मेणाची, बोटाने पुसली जाते. कुंडीखाली बशी ठेवणाऱ्याला मी झाड विकत नाही. दोन-तीन वर्षांनी मध्य पोकळ होतो, तेव्हा नोव्हेंबरात ठोंब उपटून मुळांसकट तुकडे करा, कडेचे लावा, मधला फेका. बियांची रोपे स्वस्त पडतात, पण ‘एलायजा ब्लू’सारख्या जातीचा नेमका रंग तुकड्यातूनच येतो. आणि उघड्या वाफ्यात, बारा महिने, गोव्यात हवे असेल तर वाळा लावा, नाहीतर मोंडो ग्रास, म्हणजे गवतासारखेच दिसणारे बुटके झाड, लावा. मला शिव्या नकोत.

गेल्या जूनमध्ये त्याच कंत्राटदाराच्या ऑफिसातून एका पोराचा फोन आला, दोनशे ठोंब लगेच पाहिजेत. मी भाव सांगितला आणि म्हटले, बाबा, आधी 2017 चे बिल. त्याने विचारून सांगतो म्हणत फोन ठेवला. बिल फणीच्याच डब्यात आहे.