‘नाही’चं बटण कुठे आहे?

जर्मनीत कुठलीही वेबसाइट उघडा, मजकुराच्या आधी एक चौकट आडवी येते: कुकीज, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी, चालतील का? इथे नव्याने आलेल्या आपल्या लोकांना तिचा वैताग येतो. मला मात्र आता तिचं मोल कळलंय. बहुतेक ठिकाणी तिच्यात ‘हो’च्या शेजारीच ‘सगळं नाकारा’ असं बटण असतं, आणि ते तिथे सुखासुखी आलेलं नाही.

2018 मध्ये जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला, तरी कंपन्या पळवाटा काढतच होत्या. एका लॉटरीच्या साइटने तर त्याच्याही आधी, 2013 मध्ये, संमतीच्या रकान्यात आपणच खूण करून ठेवली होती. जर्मन ग्राहक संघटनांचा महासंघ कोर्टात गेला, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि 1 ऑक्टोबर 2019 रोजी निकाल लागला: आधीच करून ठेवलेली खूण म्हणजे संमती नव्हे. जानेवारी 2022 मध्ये फ्रान्सच्या डेटा संरक्षण नियामकाने गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण एवढंच, की स्वीकारायला एक क्लिक पुरत होता आणि नाकारायला अनेक करावे लागत होते. मला हा दंड फार महत्त्वाचा वाटतो. दमवून मिळवलेला होकार हा होकार नसतो, हे कुणीतरी कायद्याच्या जोरावर सांगितलं.

यंदा सुट्टीत मुंबईला आले, तेव्हा मुलुंडच्या मावशीने फोन माझ्यापुढे धरला. पंचांगाची साइट असो, पाककृतींची असो की बातम्यांची, प्रत्येक पानावर गुडघ्याच्या ऑपरेशनच्या जाहिराती. आवाज खाली आणून म्हणाली, “अगं, मी फक्त एकदा-दोनदा शोधून बघितलं होतं. तुझ्या काकांनाही अजून बोलले नाहीये. यांना कसं कळलं?”

मी लॅपटॉपवर फायरफॉक्स ब्राउझर उघडला, तिची रोजची बातम्यांची साइट लावली आणि पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीच्या चिन्हावर क्लिक केलं. अडवलेल्या ट्रॅकर्सची, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांच्या तुकड्यांची, यादी खाली सरकवत गेले तरी संपेना. मावशी एकेक नाव वाचत होती आणि त्यातलं एकही तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. हीच साइट मी जर्मनीतून उघडते तेव्हा परवानगी मागते. मुंबईत तिने काहीच विचारलं नाही. माझा खरा राग यावर आहे.

मावशीला मी असं सांगितलं. दादरच्या दुकानदाराने तुझी आवड लक्षात ठेवली, तर त्यात गैर काही नाही. साइटची स्वतःची कुकी तेवढंच करते: लॉगिन टिकवते, टोपलीतल्या वस्तू लक्षात ठेवते. पण प्रत्येक दुकानात एकच तिऱ्हाईत वही घेऊन बसला असेल तर? बातमीच्या पानावरची जाहिरात त्या साइटची नसतेच, ती जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि येताना तुझ्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवून जाते. पुढच्या साइटवर त्याच कंपनीचा तुकडा असला, की ब्राउझर तोच क्रमांक निमूटपणे परत पाठवतो. त्यांना तुझं नाव ठाऊक असायची गरज नाही. या क्रमांकाच्या बाईचा गुडघा दुखतो, एवढं त्यांना पुरतं. आजारपण, कर्ज, नोकरीचा शोध, माणूस घरातही ज्या गोष्टी जपून बोलतो, त्या सगळ्या अशाच त्या वहीत जातात.

ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च 2020 पासून अशा तिऱ्हाईत कुकीज सरसकट बंद केल्या. आपल्या क्रोम ब्राउझरमध्येही त्या दोन वर्षांत बंद करणार, असं गूगलने त्याच वर्षी जानेवारीत जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि जुलै 2024 मध्ये बेतच सोडला. लोकलच्या डब्यात नजर फिरवा, बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आणि त्यात क्रोम. म्हणजे झळ सर्वात जास्त आपल्यालाच.

कायदा आपल्याकडेही आलाय. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले आणि कंपन्यांवरची बंधनं आता टप्प्याटप्प्याने लागू होतील. संमती मोकळेपणाने आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, असं त्यात म्हटलंय. संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही वाचायची सोय द्यावी लागेल. कुकीजचा वेगळा उल्लेख मात्र त्यात नाही, म्हणून अंमलबजावणीवर आपल्या ग्राहक संघटनांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. मराठी साइट मराठी वाचकाला मराठीत विचारेल आणि ‘नाही’चं बटण ‘हो’एवढंच मोठं असेल, हा आग्रह आत्तापासून धरला पाहिजे.

तोवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या भागात जाऊन थर्ड-पार्टी, म्हणजे तिऱ्हाईत, कुकीज ब्लॉक करा. लॉगिन बहुधा सुरळीत चालतात, एखादी साइट अडलीच तर तिच्यापुरती सूट देता येते. ॲप्स कुकीजवर अवलंबून नसतात, त्यांच्यासाठी फोनच्या सेटिंग्जमधून जाहिरातींचा आयडी, म्हणजे ॲप्स तुम्हाला ओळखतात तो क्रमांक, डिलीट करावा लागतो. मावशीच्या फोनवर दोन्ही करून दिलं, आणि काकांच्याही.