रद्दी, कंद आणि खड्डे

मृगाच्या दोन सरी पडल्या की मराठवाड्यात म्हैसमाळच्या पठारावर, गौताळ्याच्या उतारांवर कंद फुटू लागतात आणि रानफुलांच्या अभ्यासकाला घरातली रद्दी विकवत नाही. दिवाळीनंतर माळ पुन्हा कडकडीत वाळणार, म्हणून जी काय धावपळ ती याच तीन-चार महिन्यांत.

लोकांना डोंगर चढायचं कौतुक. खरा पिट्टा पडतो रात्री, रोपं दाबून वाळवून संग्रहात जपण्यात. आणलेलं रोप मुळासकट, फुलासकट, जमलं तर फळासकट रद्दीत पसरायचं. एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं. मग सगळा गठ्ठा दोन फळ्यांमध्ये पट्ट्यानं आवळायचा. पहिले चार दिवस कागद रोज बदलायचा. भादव्याच्या दमट हवेत एक दिवस चुकला तरी बुरशी धरते. रानकांद्यासारखी रसाळ मंडळी तर कागदातही हार मानत नाहीत, चक्क कोंब काढतात. त्यांचा कांदा उभा चिरून क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावा. वाळलेलं रोप ४२ × २८ सेंमीच्या जाड कागदावर टाचलं की खाली उजवीकडे चिठ्ठी लावायची: गाव, शिवार, तारीख आणि फुलाचा रंग. रंग जागेवरच लिहावा. वाळल्यावर निळं-जांभळं सगळं चहाच्या चोथ्यासारखं दिसतं.

कंदीलपुष्प या कंदातून फुटणाऱ्या दुर्मिळ वेलाचं फूल मात्र स्पिरिटच्या बाटलीतच ठेवावं. त्याच्या नळीत आतून खाली वळलेले केस असतात. चिलटं आत उतरतात आणि अडकतात. पुढे केस सुकले की परागांचे पुंजके घेऊन सुटतात. दाबलेल्या फुलात ही कारागिरी चपटी होऊन जाते. आणि वेल उचलायचा तो एका जागी वीसेक असतील तरच. कमी दिसले तर फोटो काढावा, पुढे व्हावं, जागा चारचौघांत सांगू नये.

वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींचे दोन खंड १९९८ साली आणले, तेही अशाच चिठ्ठ्यांच्या जोरावर. पण चिठ्ठीवरचा माळ जागेवर राहील याची हमी कोण देणार? वृक्षारोपणाचे खड्डे उन्हाळ्यात घेतात. तेव्हा कंद जमिनीखाली, वर नुसता मुरूम. बघणाऱ्याला जागा पडीकच वाटते. कुदळीत काही कंद जातात, उरलेले पुढे लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांच्या सावलीत खुरटतात. खड्डे घेण्याआधी तो माळ एक भादवा बघून घ्या, एवढंच अभ्यासकाचं म्हणणं. ग्रामसभेत त्यावर माना डोलतात, आणि रोपांचा ट्रक तर आधीच निघालेला असतो.