माग कोणत्या विभागात बसवला आहे?

वस्त्रकलेत पदव्युत्तर पदवी घेतली तर पुढे विद्यापीठात शिकवता येईल का, असे विचारणाऱ्या विद्यार्थिनींना मी आधी एवढेच विचारते, की तुझ्या मनात असलेल्या विद्यापीठात माग कोणत्या विभागात बसवला आहे. प्रश्न ऐकून त्या हसतात. पण शिकवण्याची पात्रता बरीचशी त्यावरच ठरते.

आपल्याकडे ही विद्या एका घरात नांदत नाही. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात ती गृहविज्ञानाच्या अंगाने वाढली, मुंबईच्या जे. जे. या कलासंस्थेत ती चित्र-शिल्पाच्या शेजारी बसते, व्ही.जे.टी.आय. आणि इचलकरंजीच्या डी.के.टी.ई.मध्ये ती अभियांत्रिकी ठरते, तर १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या एन.आय.डी. या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ती डिझाइन असते. बडोद्याचे उदाहरण तर मजेशीरच आहे. तिथे वस्त्र-परिधानाचा विभाग गृहविज्ञानाच्या परंपरेतल्या विद्याशाखेत आहे. आणि तागाच्या दोरांना गाठी मारून माणसाहून उंच आकृती उभ्या करणाऱ्या मृणालिनी मुखर्जी शिकल्या त्या ललितकला विद्याशाखेत, आणि ओळखल्या गेल्या शिल्पकार म्हणून.

या घरवाटणीचा फटका नेट-सेट या साहाय्यक प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांच्या वेळी बसतो. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण मिळवून पुढे आलेल्या मुलीने नेटसाठी गृहविज्ञान निवडले, तर तंतू आणि रंगाईच्या बरोबरीने तिला पोषण, बालविकास आणि विस्तारकार्यही वाचावे लागते. दृश्यकला निवडली, तर चित्रकला, शिल्प, मुद्राचित्रण, उपयोजित कला आणि कलेतिहास असे पर्याय मिळतात. वस्त्रकलेचा स्वतंत्र पर्याय त्यांत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत दृश्यकलेसाठी उल्लेखनीय व्यावसायिक कामगिरी असलेल्या पदवीधर कलावंतालाही साहाय्यक प्राध्यापकपदाची वाट ठेवलेली आहे. ही वाट मला मोलाची वाटते, कारण वीस वर्षे मागावर काढलेल्या माणसाला आहारतक्ते पाठ करायला लावण्यात कोणाचेच भले नाही.

परदेशी जायचे म्हणणाऱ्यांना मी नेली सेठना यांचे नाव सांगते. मुंबईच्या या विणकर कलावतीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या क्रॅनब्रुक अकादमीत शिक्षण घेतले होते. अमेरिकेत एम.एफ.ए. ही ललितकलेची पदव्युत्तर पदवी प्रत्यक्ष कलानिर्मितीतली अंतिम पदवी मानली जाते, त्यामुळे पीएच.डी. नसतानाही तिच्या बळावर प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. दोन-तीन वर्षांच्या अभ्यासात काही विद्यापीठे अध्यापन साहाय्यकाचे काम देतात, त्यातून शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळू शकते. मात्र विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. पदवीनंतर कायम जागा तिथेही मोजक्याच असतात, आणि बरेच जण एकेका सत्राच्या करारावर शिकवत राहतात.

आपल्याकडे त्याच दुखण्याला तासिका तत्त्व म्हणतात, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन. मी एका महाविद्यालयात दोन वर्षे तसे शिकवले. बारा इंच रुंदीचा साधा नमुना विणायचा आणि इंचाला वीस धागे धरायचे, तर ताण्याचे, म्हणजे उभे, दोनशे चाळीस धागे होतात. यातला प्रत्येक धागा आधी तारेच्या बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या दातांतून ओवावा लागतो, आणि मधला एक चुकला तर तिथून पुढचे सगळे उपसावे लागतात. नवख्या मुलीचा यात दीड दिवस जातो. मानधन मात्र वेळापत्रकातल्या दोन तासिकांचे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी मागाखाली वाकून तुटलेले धागे बांधत असे, ते कुठल्याच हजेरीपटावर आले नाही. तक्रार केली तेव्हा, प्रात्यक्षिकाची तयारी शिपायाकडून करून घ्या, असे उत्तर मिळाले. तो शिपाई बिचारा माझ्याइतकाच गोंधळला.

म्हणून पदवी कुठलीही असो, नमुन्यांची वही पहिल्या वर्षापासून ठेवा, असे मी सांगते. प्रत्येक तुकड्याशेजारी इंचाला किती धागे, कोणते सूत, रंगाचे प्रमाण आणि कुठे काय फसले, हे त्याच दिवशी लिहावे. माझ्या पहिल्या मुलाखतीत चार जण प्रमाणपत्रे चाळत होते. पाचव्या बाईंनी वहीतला एक तुकडा उलटा केला, मागची सुटी टोके बोटाने चाचपली आणि विचारले, ‘‘हा धागा इथे का सोडलात?’’ त्यावर आम्ही पंधरा मिनिटे बोललो.