बंद गाडीची जाग

सकाळी सेल्फ मारला की इंजिनाऐवजी नुसतं 'टक् टक् टक्' ऐकू येतं, डॅशबोर्डवरचे दिवे मलूल होतात, आणि गाडीभोवती जो कोणी उभा असेल तो निकाल देऊन मोकळा होतो : "बॅटरी गेली." नवीन टाका, विषय संपला. बऱ्याचदा तो खरंच संपतोही. पण नवी कोरी बॅटरीसुद्धा आठवड्याभरात सकाळी ढिम्म पडली, की मग समजावं आपण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

आपण गाडी 'बंद' करतो म्हणजे फक्त इंजिन बंद करतो. शिसं आणि आम्लाची ही बॅटरी गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली, आणि मूळ रसायन अजून तेच आहे. तिच्या भोवतालची गाडी मात्र पार बदलली. घड्याळ चालू, अलार्म चालू, रिमोट किल्लीची वाट पाहणारा रिसीव्हर चालू, रेडिओची आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची स्मरणशक्ती चालू. या सगळ्यांचं मिळून साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचं (म्हणजे ०.०५ अँपिअर) खाणं रास्त मानतात. चोवीस तासांनी गुणलं की दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते दोन-तीन आठवडे सहज झेपतं.

म्हणूनच 'एका रात्रीत उतरली' हे नुसतं गाऱ्हाणं नसतं, तो पुरावा असतो. डिकीतला पाच वॅटचा दिवा रात्रभर जळत राहिला तर बारा तासांत पाच अँपिअर-तास जातात. धडधाकट बॅटरी एवढ्याने मान टाकत नाही. त्या दिव्याला तीन-चार रात्री लागतील, मधे गाडी चालली तर आणखी जास्त. तेव्हा गाडी खरोखर एकाच रात्रीत गार पडत असेल तर दोनच शक्यता उरतात : तीन-चार अँपिअर ओढणारं काहीतरी दांडगं चालू राहतंय, नाहीतर बॅटरी आधीच अर्धमेली आहे. काही तास निवांत ठेवलेल्या भरल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना हा आकडा १४ च्या आसपास जायला हवा. तो जात नसेल तर रात्रीवर संशय घेण्यात अर्थ नाही, दिवसाच बॅटरी भरत नाहीये.

हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. खरी गंमत मीटर लावल्यावर सुरू होते.

बॅटरीची मायनस बाजूची केबल सोडायची आणि तिच्या व टर्मिनलच्या मधे मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजणारं हातातलं यंत्र) बसवायचा, म्हणजे गाडी जो काही करंट घेईल तो मीटरमधूनच जाईल. मायनसच का? प्लसचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची आतषबाजी होते, म्हणून. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घालायची, आणि त्यानंतर चुकूनही सेल्फ मारायचा नाही, कारण स्टार्टर शंभरेक अँपिअर सहज मागतो आणि मीटरचा फ्यूज जागच्या जागी जातो.

एवढं करून पाहिलं की आकडा येतो चार-पाच अँपिअर, आणि माणसाला वाटतं, सापडला! काहीही सापडलेलं नसतं. केबल काढून लावल्यामुळे गाडी नुकतीच दचकून उठलेली असते. तिचे छोटे छोटे कॉम्प्युटर एकेक करून झोपी जायला पंधरा मिनिटं घेतात, काही गाड्यांत पाऊण तास. बाळाला थोपटून निजवल्यावर आई जशी श्वास रोखून बाजूला होते, तसंच इथे करावं लागतं. दार उघडलं, ते जागं. किल्ली खिशात ठेवून जवळ घुटमळलो, ते जागं. म्हणून किल्ली लांब ठेवायची, बॉनेट उघडंच ठेवायचं, आणि दार उघडं असतानाच त्याच्या कडेच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबायची. खट्, आणि पुन्हा खट्. दुसऱ्या खटक्याला गाडीला वाटतं दार लागलं, आणि आतला दिवा हळूहळू विझतो. (काम झाल्यावर दार आपटण्याआधी हँडल ओढून ती जीभ मोकळी करायची, नाहीतर आणखी एक खर्च.)

मग मीटरकडे पाहत बसणं. ३.८. बराच वेळ ३.८. अचानक १.१. मग ०.४. मला हा भाग मनापासून आवडतो. एकेक आकडा गळतो तेव्हा आत कुठलासा डबा मिटलेला असतो. निरोगी गाडी शेवटी ०.०३ च्या आसपास येऊन थांबते. आकडा ०.४ वरच अडून बसला, तर आता फ्यूजबॉक्सकडे वळायचं.

इथे जुनी रीत म्हणजे एकेक फ्यूज उपटत जायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. नव्या गाड्यांत ही रीत मला पटत नाही. फ्यूज काढला-लावला की झोपलेला कॉम्प्युटर उठतो आणि सगळं मुसळ केरात. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच राहू द्यावा. त्याच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके असतात, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना टोकं टेकवायची. शून्य आलं तर त्या वाटेने काही जात नाही. मिलिव्होल्टचे दोन-तीन दशांश जरी हलले, तरी तिथून करंट वाहतोय.

माझ्या गाडीचं प्रकरण तर ताकास तूर लागू देत नव्हतं. आकडा शहाण्यासारखा ०.०३ ला यायचा आणि काही वेळाने आपणच उसळायचा, पुन्हा खाली यायचा. मिलिव्होल्टने बोट दाखवलं ते आतल्या दिव्यांच्या आणि कुलपांच्या फ्यूजकडे. मागच्या एका दाराच्या कुलपातला बारीक स्विच झिजला होता, त्यामुळे बंद दार उघडलं असं गाडीला मधूनच वाटायचं आणि ती कॉम्प्युटरला हाका मारायची. छताचा दिवा तेवढ्यात पेटला असता तर कोणालाही दिसलं असतं, पण त्याचं बटण 'ऑफ'वर होतं. कुलूप बदललं, उसळी थांबली.

बाकीचे नेहमीचे संशयित ठरलेले आहेत. नंतर बसवलेला डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टिम, जी किल्लीबरोबर बंद होणाऱ्या वायरऐवजी कायम चालू वायरवर जोडलेली असते. चिकटून बसलेला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, तो हाताला कोमट लागतो. ग्लोव्ह बॉक्समधला दिवा. त्याच्यासाठी मोबाइलचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवावा आणि झाकण लावावं. आणि सगळे फ्यूज शून्य दाखवत असूनही मीटर हटत नसेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा जनरेटर. त्याची जाड केबल बहुधा या छोट्या फ्यूजांना वळसा घालून थेट बॅटरीला येते, आणि आतला एखादा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, फुटला की करंट रात्रभर उलटा वाहतो. अल्टरनेटर बदलण्याआधी ती केबल सोडून आकडा पडतो का, एवढं तरी पाहावं.

दोष निघाल्यावरही बॅटरी चार्जरवर सावकाश पूर्ण भरून घ्यावी, जवळपासच्या दोन फेऱ्यांनी ती भरत नाही. उतरलेल्या अवस्थेत ती जितकी पडून राहते, तितकं प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होतं आणि तेवढी जागा कायमची जाते.

काहीजण या भानगडीत पडतच नाहीत. रोज रात्री मायनस केबल काढून ठेवतात आणि सकाळी लावतात. इलाज शंभर टक्के चालतो, अगदी गॅरंटीने. फक्त घड्याळ रोज नव्याने लावायचं, काही गाड्यांत रेडिओला कोड द्यायचा, काचांना एका दाबात वर जायचं पुन्हा शिकवायचं. एवढा वेळ ज्याच्याकडे रोज सकाळी आहे, त्याला एखादा रविवार मीटरसमोर बसायला काय हरकत असावी, कळत नाही.