आखाजीची दुपार आणि नानांचा डावा हात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी यायचं, हे आमच्या खान्देशात सांगावं लागत नाही. मी नाशिकहून दोन दिवस आधीच गेले होते. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, धुळं तिथून पन्नासेक किलोमीटर. त्या दिवशी घरात आमरस होता, सांजोऱ्या होत्या. पोरी लिंबाला बांधलेल्या झोक्यावर गात होत्या. जेवण झाल्यावर नाना, म्हणजे माझे वडील, पारावर पत्ते खेळायला गेले. आखाजीला पुरुष माणसं पत्त्यांवर बसतात, तेही नेहमीचंच.

अडीचच्या सुमारास दोघांनी त्यांना धरून घरी आणलं. डावा पाय घासत होता. माय म्हणाली, "ऊन लागनं व्हई त्यासले." मलाही आधी तेच वाटलं. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि उन्हाने माणूस पडणं आम्ही लहानपणापासून पाहतो. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी डोक्यावर ओला पंचा टाकला. वहिनीने कैरीचं पन्हं आणलं आणि मी माझ्या हाताने त्यांना दोन घोट पाजले.

त्यातला अर्धा घोट डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळला. नानांना ते कळलंही नाही, आणि तिथेच माझ्या पोटात गोळा आला. ऊन लागलेला माणूस दोन्ही अंगांनी गळून जातो. त्याला ताप चढतो, तो बरळतो. एकाच बाजूचा ओठ लुळा पडत नाही.

आमच्या नाशिकच्या दवाखान्यात भिंतीवर लकव्याच्या लक्षणांचं पोस्टर आहे. मुलाच्या लसीला जाताना ते कितीदा वाचलं होतं. चेहरा, हात, बोलणं. मी म्हटलं, "नाना, दात दाखाडा." तोंड उजवीकडेच ओढलं गेलं. दोन्ही हात समोर उचलायला सांगितले, डोळे मिटायला सांगितले. डावा हात हळूहळू खाली आला आणि मांडीवर पडला. बोलणं जिभेवर काही ठेवल्यासारखं जड. पण नाना मात्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "माले काहीच व्हयेल नही."

ते खोटं बोलत नव्हते. नंतर डॉक्टरांनी समजावलं की मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला तर डावं अंग तर जातंच, पण ते गेलंय याची जाणीवही कधी कधी जाते. त्यात बहुतेक वेळा दुखत काहीच नाही. छातीत दुखलं असतं तर नाना स्वतःच गाडीत जाऊन बसले असते. म्हणून पेशंट 'मी बरा आहे' म्हणाला तरी त्याच्या शब्दावर थांबू नये, त्याच्या हाताकडे पाहावं.

एक गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. सहा दिवस आधी जेवताना नानांच्या डाव्या हातातून ताकाचा पेला निसटला होता. हाताला मुंग्या आल्या म्हणाले, दहा मिनिटांत सगळं ठीक झालं आणि ते शेतात गेले. मायने मला फोनवर सांगितलं, मी म्हटलं, "बीपीची गोळी चुकवली असेल." खरंच चुकवली होती, महिनाभर, बरं वाटतंय म्हणून. तो छोटा झटका होता. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडतं आणि पुन्हा सुरू होतं, म्हणून माणूस आपोआप बरा होतो. मोठा झटका त्याच्या मागोमाग, बऱ्याचदा काही दिवसांतच, येऊ शकतो. त्या दिवशी त्यांना तपासायला नेलं असतं तर कदाचित पुढचं काहीच झालं नसतं.

काका तोवर आले होते. "वारं गयं अंगवरथून," म्हणाले आणि लकव्याचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे न्यायची तयारी करू लागले. काकांचा नानांवर जीव आहे, पाठच्या भावाला ते बुडवायला निघाले नव्हते. आमच्या भागात असंख्य लोकांनी हेच केलंय, तेल चोळलंय, पथ्य धरलंय, आणि कुणी आपोआप थोडं सुधारलं की त्या औषधाचं नाव झालंय. मी काकांना एवढंच म्हटलं, "आधी फोटो काढू डोक्याचा. मग तुम्ही म्हणाल तिकडे नेऊ." ते गप्प झाले आणि नानांचा पाय उचलून गाडीत ठेवायला पुढे आले.

शेजारच्यांची गाडी दारातच होती म्हणून तीत निघालो. गाडी नसेल तर पहिला फोन 108 ला करावा. नानांना मागच्या सीटवर डाव्या कुशीवर आडवं केलं. त्यानंतर पाण्याचा थेंबही दिला नाही. गिळण्याचे स्नायू लुळे पडले असले तर पाणी श्वासनलिकेत जातं. मघाच्या पन्ह्याचे दोन घोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

वाटेत आमचं चुकलं. एका दवाखान्यात थांबलो, कारण तो जवळ होता आणि ओळखीचा होता. तिथे सीटी स्कॅन नव्हता. सलाईन लावलं, बीपी 200 च्या आसपास आलं, तेव्हा ते उतरवायला जिभेखाली गोळी ठेवायची म्हणाले. "रात्रभर राहू द्या, सकाळी पाहू." दादा जवळजवळ तयार झाला होता. पंचवीस मिनिटं तिथेच गेली. झटक्याच्या वेळी बीपी चढलेलं असतं ते बऱ्याच वेळा मेंदूपर्यंत रक्त पोचावं म्हणूनच, ते असं झपकन उतरवलं तर उरलेल्या भागाचंही रक्त तुटू शकतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की डोक्याचा फोटो काढल्याशिवाय काही करायचं नाही, अॅस्पिरीनही द्यायची नाही. गुठळीने रक्त अडलंय की शिर फुटलीय हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही आणि दोन्हींचे उपचार उलटे आहेत. दहांतल्या साधारण आठ जणांना गुठळीचा झटका असतो, पण आपला माणूस उरलेल्या दोघांतला नाही हे फोटोच सांगतो.

आम्ही सही करून बाहेर पडलो.

तोवर वहिनीने घरी बसून जे केलं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. तिने धुळ्याला एकामागून एक फोन लावले आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारलं. सीटी मशीन आत्ता चालू आहे का? मेंदूचे डॉक्टर आज, सणाच्या दिवशी, येतील का? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तुमच्याकडे शिल्लक आहे का? पहिल्या ठिकाणी मशीन बंद होतं. दुसऱ्या ठिकाणी "या, पाहू" म्हणाले. तिसऱ्याने उलट विचारलं, "वय किती? कधीपासून? किती वेळात पोचताय?" आम्ही तिसऱ्याकडे गेलो. हॉस्पिटल किती मोठं आहे यापेक्षा फोनवर हे प्रश्न कोण विचारतं ते पाहावं, असं माझं आता पक्कं मत आहे.

4 वाजून 20 मिनिटांनी पोचलो. स्ट्रेचर दारात होतं. बोटाला टोचून साखर पाहिली, कारण साखर फार उतरली तरी अगदी लकव्यासारखं होतं. दोन्ही हातांना सुया लावल्या. आणि डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे नीट कधी होते?"

मी म्हटलं, "अडीच-पावणेतीन."

"ते तुम्हाला कधी दिसले ते नका सांगू. ते शेवटचे धडधाकट कधी होते ते सांगा."

सगळं या एका उत्तरावर अवलंबून होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि घड्याळ लक्षणं आपल्याला दिसली तेव्हापासून चालत नाही, माणूस नक्की बरा होता त्या शेवटच्या क्षणापासून चालतं. रात्री झोपला आणि सकाळी उठला तेव्हा हात लुळा होता, तर वेळ झोपल्यापासून धरतात. दादाने पारावरच्या मंडळींना फोन लावला. पलीकडून एकाने सांगितलं, "दोननी गाडी उनी तवय नाना धडधाकट व्हतात." पण दोनची गाडी दोनला येत नाही, हे आम्हालाही माहीत आणि त्यालाही. मग त्यानेच आठवून सांगितलं की त्या गाडीतून उतरल्या उतरल्या भाच्याने त्याला फोन केला होता. मोबाईलमध्ये वेळ पाहिली, 2 वाजून 12 मिनिटं. त्या वेळी नाना डाव्या हातात पानं धरून डाव्या हातानेच बसकडे बोट दाखवत होते. डॉक्टरांनी तो आकडा केसपेपरवर लिहिला आणि त्याला गोल केलं.

पुढचं सगळं धावपळीत झालं. सीटीत रक्तस्राव नव्हता. लगेच शिरेत औषध सोडून डोक्याच्या रक्तवाहिन्यांचाही फोटो घेतला. मोठी नळी बंद असती तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढावी लागते, त्यासाठी नाशिकला पाठवलं असतं, दीडशे किलोमीटर. ते शक्यतो सहा तासांत करतात, काही निवडक पेशंटना 24 तासांपर्यंतही. पण नाशिकला पाठवायचं असतं तरी इंजेक्शन आधी इथेच दिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. नानांची मोठी नळी मोकळी होती.

अडचण आली बीपीची. ते 185/110 च्या खाली आल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही, नाहीतर मेंदूत रक्तस्रावाची भीती. शिरेतून हळूहळू औषध देऊन ते खाली आणलं. तोवर प्रश्न चालू होते. अलीकडे ऑपरेशन? डोक्याला मार? रक्त पातळ करायची गोळी? मग कागद आला. शंभरात पाच-सहा जणांना या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांनी न लपवता सांगितलं. मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात हेही सांगितलं. मायने विचारलं, "तुमना बाप ऱ्हाता तर?" ते म्हणाले, "दिलं असतं." मायने अंगठा पुढे केला. माझी माय सही करते, पण त्या वेळी तिच्या हातात पेन धरवत नव्हता.

पलंगाच्या काट्यावर नानांचं वजन 55 किलो भरलं. डोस वजनावर ठरतो, किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 50 चा. त्यातला दहावा हिस्सा एका मिनिटात दिला, उरलेला तासभर मशीनवर. सुरुवात झाली तेव्हा 5 वाजून 5 मिनिटं झाली होती. 2 तास 53 मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांचा हिशोब मी तेव्हाही करत होते, आजही करते. साडेचार तास ही शेवटची हद्द आहे, तेवढी सवड आहे असा अर्थ कुणी घेऊ नये. जितकं लवकर तितका हात जास्त वाचतो.

पैशांचं एक सांगते. औषध महाग आहे आणि प्रश्न त्याच क्षणी येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन घरातल्या एकाने लगेच त्याच्याकडे जावं, बाकीच्यांनी पेशंटजवळ राहावं. आमचं रेशनकार्ड घरी राहिलं होतं, वहिनीने मोबाईलवर फोटो पाठवला, नंतर मूळ कागद आणून दिला.

रात्री अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलो. आत दर पंधरा मिनिटांनी बीपी, नंतर अर्ध्या तासाने, नंतर तासाने. नाना पाणी मागत होते. सिस्टरने आधी चमच्याने थोडं देऊन गिळणं तपासलं, खोकला आला तेव्हा थांबवलं. ते दुसऱ्या दिवशी जमलं. साडेनऊला मला आत सोडलं. मी डावा हात हातात घेतला आणि त्यांच्या मधल्या बोटाने माझा तळवा दाबला. फार हळू, पण दाबला. बाहेर येऊन मी काकांना सांगितलं आणि काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

24 तासांनी पुन्हा सीटी केला, रक्तस्राव नव्हता, तेव्हा कुठे अॅस्पिरीन सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मॉनिटरवर हृदयाचे ठोके मध्येच अनियमित पडताना सापडले. ठोके असे पडले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी तिथून सुटून मेंदूत जाते. मग अॅस्पिरीन बंद करून रक्त पातळ ठेवायची गोळी लावली. ती आणि बीपीची, दोन्ही आता माय स्वतः समोर उभी राहून देते, बरं वाटत असलं तरी.

फिजिओथेरपी दवाखान्यातच दुसऱ्या दिवशी सुरू झाली. नाना आता काठीशिवाय चालतात, शेतावर जाऊन येतात. सदऱ्याची गुंडी डाव्या हाताने अजून लागत नाही. आणि एक गोष्ट आम्हाला घरी आल्यावरच कळली. जेवायला बसले की ताटातलं उजवीकडचं सगळं संपतं आणि डावीकडचं तसंच राहतं, भाकरीचा अर्धा चतकोर, भरताची वाटी. नजर ठीक आहे, पण ती बाजू त्यांच्या ध्यानातच येत नाही. फिजिओने सांगितलंय की डावीकडे बसून बोला, डावीकडून वाढा, हळूहळू ध्यानात येईल. तोवर नाना "झालं" म्हणून हात धुवायला उठू लागले की माय काही न बोलता त्यांचं ताट फिरवते, आणि ते पुन्हा जेवायला लागतात.