साधं बी.एस्सी. करायला घरच्यांनी हो म्हणावं म्हणून

बारावी सायन्सला चांगले गुण पडले की आमच्या सोलापुरात पुढचं सगळं जवळपास ठरलेलं असतं. ऐपत असेल तर पुण्याला इंजिनिअरिंग. ऐपत नसेल तर इथेच ‘ईसीएस’, म्हणजे कॉम्प्युटरचं बी.एस्सी., कारण त्यावर लवकर नोकरी लागते. मला फिजिक्स शिकायचं होतं. आई विड्या वळायची, पप्पा यंत्रमागावर होते. कुंभारीला विडी कामगारांसाठी १०,००० घरकुलं झाली आणि २००६ मध्ये ती ताब्यात मिळाली, त्यातल्याच एका घरात आम्ही राहायचो. अशा घरात ‘मला फिजिक्स आवडतं’ एवढ्या बोलण्यावर कुणी तीन वर्षं थांबत नाही. थांबू शकत नाही. मी २०१६ साली बारावी झाले आणि माझं फिजिक्स केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीवर झालं. तो सगळा प्रवास इथे लिहिते आहे, कारण ही योजना ज्यांना सगळ्यात जास्त हवी त्यांच्यापर्यंत ती फार उशिरा पोहोचते.

सुरुवात मात्र आठवीपासून करायला हवी. आमच्या अनुदानित मराठी शाळेत गणिताच्या मॅडम होत्या. त्यांनी वर्गातल्या काही जणांना निवडून शाळा सुटल्यावर एनएमएमएसची तयारी करून घेतली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलांसाठीची ही केंद्राची शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली, आणि महाराष्ट्रात तिची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर असतात, ९० प्रश्नांची बौद्धिक क्षमता चाचणी आणि ९० प्रश्नांची शालेय क्षमता चाचणी. शालेय क्षमतेच्या पेपरात ३५ प्रश्न विज्ञानाचे असतात. निवड झाली की नववी ते बारावी पैसे मिळतात. माझ्या वेळी महिन्याला ५०० रुपये होते, २०१७ पासून १,००० झाले. उत्पन्नाची अट आता वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत आहे.

महिन्याला ५०० म्हणजे फार मोठी रक्कम नव्हती. पण खातं माझ्या नावावर होतं, आणि दहावीनंतर ‘आता बास, माझ्यासंगं बस विड्या करायला’ असं आईला कधी म्हणावं लागलं नाही, त्यात या पैशांचा मोठा वाटा आहे. अकरावीला सगळं विज्ञान एकदम इंग्रजीत आलं. त्या वर्षीची माझी पुस्तकं याच पैशांतून आली. आठवीचे जे शिक्षक स्वतःचा वेळ देऊन ही परीक्षा मुलांना द्यायला लावतात, त्यांचे उपकार फेडता येत नाहीत.

एनएमएमएस बारावीला संपते. आमच्यासारख्या घरात खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

बारावीनंतर मी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेऊन बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. ‘एक वर्ष करून बघ, मग ठरवू’, एवढ्यावर पप्पा तयार झाले होते. पहिल्याच महिन्यात फिजिक्सच्या सरांनी वर्गात विचारलं, “बारावीला बोर्डाचं इन्स्पायरचं पत्र कुणाकुणाला आलंय?” वर्गात एकही हात वर झाला नाही. सरांनी मग सगळं नीट समजावून सांगितलं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना २००८ ची. बोर्डाच्या बारावीच्या निकालात जी मुलं वरच्या १ टक्क्यात येतात आणि पुढे मूलभूत विज्ञान घेतात, त्यांना वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० शिष्यवृत्तीचे, म्हणजे महिन्याला ५,०००, आणि २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाच्या हाताखाली प्रकल्प करण्यासाठी. हे बी.एस्सी.पुरतंच नाही, एम.एस्सी. संपेपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं.

आकडा ऐकून मी सरांना पुन्हा विचारलं होतं, वर्षाला की तीन वर्षांचे मिळून?

बोर्डाचं पात्रतेचं पत्र माझ्या ज्युनिअर कॉलेजात आलेलं होतं. गुणपत्रिका आणि दाखला देताना ते कुणी दिलं नाही. मी जाऊन विचारल्यावर कपाटातून एक गठ्ठा निघाला आणि त्यात माझं नाव सापडलं. त्या गठ्ठ्यातली बहुतेक नावं माझ्या ओळखीची होती, आणि त्यातली जवळजवळ सगळी मुलं इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकलला गेली होती. त्यांना त्या कागदाचा काहीच उपयोग नव्हता, कारण ही शिष्यवृत्ती शुद्ध विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय चालतात. कॉम्प्युटर सायन्स चालत नाही, बायोटेक्नॉलॉजी चालत नाही. हे प्रवेश घेण्याआधी कळायला हवं. वरच्या १ टक्क्यात असलेली, पैशांअभावी इंजिनिअरिंग सोडलेली मुलगी ‘तेवढंच परवडतं’ म्हणून ईसीएसला जाते, आणि वर्षाला ८०,००० वर तिचा हक्क होता हे तिला कधी कळतच नाही. हे मी पाहिलेलं आहे, आणि मला त्याचा राग येतो.

पत्र नसलं तरी गुण त्या वर्षीच्या आपल्या बोर्डाच्या कट-ऑफच्या वर असतील तर अर्ज करता यायचा, हेही सांगून ठेवते. पत्र मिळालं नाही म्हणून गप्प बसू नये.

अर्ज ऑनलाइन होता. त्याला दहावीची गुणपत्रिका जन्मतारखेसाठी, बारावीची गुणपत्रिका, पात्रतेचं पत्र, फोटो आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र लागायचं. हे शेवटचं प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यातच हवं असतं. ‘ही विद्यार्थिनी आमच्याकडे या विषयांच्या या वर्गात शिकते’ असं त्यात प्राचार्य लिहून देतात. साधं बोनाफाइड चालत नाही. कार्यालयात तेच पुढे केलं गेलं तेव्हा सर स्वतः खाली आले, नमुना छापून आणला, आणि प्राचार्यांची सही होईपर्यंत तिथे उभे राहिले.

ते नोटाबंदीचे दिवस होते. विड्यांची मजुरी रोखीने मिळायची, ती अडकली होती. घरात भाजीला पैसे नव्हते, तिथे स्कॅनिंगला आणि प्रिंटला कुठून आणायचे? नेट कॅफेवाल्या काकांनी वहीत नाव लिहून ठेवलं आणि सगळी कागदपत्रं स्कॅन करून, हव्या त्या आकारात बसवून दिली. एक गोष्ट मी तिथेच शिकले. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि बँकेत कधी वडिलांचं नावच गळलेलं असतं. अर्जात, बँकेत, सगळीकडे नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे ठेवा. मोबाईल नंबर पाच वर्षं चालू राहील असाच द्या. दर वर्षी त्याच नंबरावर आणि त्याच ई-मेलवर सगळं येतं. आमच्याकडे पप्पांच्या फोनचं रिचार्ज संपलं की नंबर बदलायचा, म्हणून मी आत्याचा नंबर दिला होता.

निवडीचं पत्र आलं तेव्हा दुसरं वर्ष सुरू होत होतं. तात्पुरत्या निवडीचंच ते. स्टेट बँकेत खातं काढा, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका अपलोड करा, मग पैसे, असं पुढचं काम होतं. पैसे यायला अजून अवकाश होता आणि दुसऱ्या वर्षाची फी मात्र दारात उभी होती.

आई ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बचत गटाच्या बैठकीला घेऊन गेली, सोबत मलाही नेलं. सगळ्या विडी करणाऱ्या बायका. मांडीवर सूप, हातात कात्री, पानं कापता कापताच बैठक चाललेली. आईने कर्ज मागितलं तेव्हा गटाच्या अध्यक्ष मावशींनी पत्र मागून घेतलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं आणि मग मराठीत सांगायला लावलं. एक जण म्हणाली, “सरकार एवढे पैसे देतंय म्हणं, आन् ते बी नुसतं शिकायला?” मी हो म्हणाले. मावशींनी पत्रावरून हात फिरवला, पानांचा रंग लागू नये म्हणून आधी पदराला बोटं पुसून. कर्ज मंजूर झालं.

त्या दिवसानंतर मला घरात कुणी ‘फिजिक्स घेऊन काय करणार’ असं विचारलं नाही. आजही मला वाटतं की या शिष्यवृत्तीचं खरं काम तिथे, त्या बैठकीत झालं. पैसे तर नंतर आले. आमच्यासारख्या घरात मुलगी हुशार आहे एवढं पुरत नाही, तिच्या शिकण्याला बाहेरच्या कुणीतरी मोठ्याने मोल दिलं आहे हे दिसावं लागतं. ते पत्र आल्यावर नातेवाइकांमध्ये माझ्या लग्नाचा विषयही मागे पडला.

पैसे आले तेव्हा एकदम ६०,००० आले. मेसेज पाहून आईचं समाधान झालं नाही. तिला पासबुकात छापून आलेलं हवं होतं. ते पाहिल्यावर तिने आधी बचत गटाचं कर्ज फेडायला लावलं. उरलेल्यातून मी पुढच्या उन्हाळ्याची सोय केली.

उन्हाळी प्रकल्पाबद्दल मुली सगळ्यात कमी विचारतात, आणि मला तर तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. पहिल्या उन्हाळ्यात मी आमच्याच सरांकडे काम केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जायला मिळालं. तिथे पातळ थरांवर, ज्याला थिन फिल्म म्हणतात, बरीच वर्षं संशोधन चालतं. मला रासायनिक पद्धतीने कॅडमियम सल्फाइडचा थर काचेवर चढवायचा होता. या पद्धतीला महागडं यंत्र लागत नाही. बीकरमध्ये कॅडमियमच्या क्षाराचं द्रावण, त्यात अमोनिया, थायोयुरिया, आणि घासून, धुऊन, सुकवून घेतलेली काचेची पट्टी आत उभी. बीकर पाण्यात ठेवून तापमान सत्तर-ऐंशी अंशांवर धरायचं. अमोनियाने डोळे चुरचुरतात. सुरुवातीला द्रावण पाण्यासारखं स्वच्छ असतं, मग हळूहळू पिवळं होत जातं. पट्टी बाहेर काढून धुतली की काचेवर पिवळा, आरपार दिसणारा थर बसलेला असतो. थर चढण्याआधी आणि नंतर पट्टीचं वजन करायचं, फरकावरून जाडी काढायची. कॅडमियम विषारी, म्हणून हातमोजे घालायचे आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवायचं.

त्या थरातून प्रकाश किती शोषला जातो हे मोजून मी बँड गॅप काढला, म्हणजे पदार्थातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा. पुस्तकात २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लिहिलेलं वाचलं होतं. माझ्या आलेखावरची रेघ त्याच्या अगदी जवळ येऊन टेकली. सौर घटात खिडकीच्या थरासाठी, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या थरासाठी, हाच पदार्थ वापरतात. तीन वर्षं प्रात्यक्षिकाच्या वहीत ठरलेली उत्तरं काढणारी मी, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः बनवलेल्या वस्तूचा गुणधर्म मोजत होते. हे अनुभवायला कोल्हापुरातलं राहणं, जेवण, जाणं-येणं परवडावं लागतं, आणि म्हणूनच त्या २०,००० चं मोल आहे. मात्र तेही अहवाल आणि मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र अपलोड केल्यावरच मिळतात. आधी खर्च आपला.

माझी खरी तक्रार हीच आहे. वर्षाच्या सुरुवातीला फी, पुस्तकं, खोलीचं डिपॉझिट, आणि पैसे मात्र निकाल लागून, गुणपत्रिका चढवून, तपासणी झाल्यावर. ज्याच्या घरात चार पैसे आहेत त्याला उशिराने फरक पडत नाही. आमच्या बचत गटाने हात दिला नसता तर दुसऱ्या वर्षाची फी भरायला मला एखाद्या दुकानात कामाला लागावं लागलं असतं. निवडीच्या पत्राबरोबरच थोडी रक्कम हातात देण्याची तरतूद हवी. दुसरं म्हणजे, वरचा १ टक्का ठरवताना घरच्या उत्पन्नाचा विचारच नाही. लाखो रुपयांच्या क्लासमधून आलेली मुलं आणि विडी घरकुलातली मुलं एकाच रेषेवर मोजली जातात.

बी.एस्सी.नंतर मी एम.एस्सी.लाही फिजिक्सच घेतलं. संस्था बदलल्यामुळे प्राचार्यांच्या प्रमाणपत्रासारखंच नव्या विभागप्रमुखांचं प्रमाणपत्र लागलं, आणि शिष्यवृत्ती पुढे चालू राहिली. आता मी एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. निकालानंतर मुली येतात तेव्हा मी आधी गुण बघते, मग विषय विचारते. इन्स्पायरची त्या वर्षीची सूचना आली आहे का आणि अटी काय आहेत, हे दर वर्षी नव्याने बघावं लागतं. १ टक्क्यात न बसणाऱ्या मुलींसाठी केंद्राची दुसरी एक शिष्यवृत्ती आहे. बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत बसतील एवढे, गुण आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ८०,००० पुढे ते कमी आहेत, पण अनुदानित कॉलेजातल्या बी.एस्सी.ची फी आणि बसचा पास त्यात निघू शकतो. यंदा माझ्या एका विद्यार्थिनीने केमिस्ट्री घ्यायचं ठरवलं आहे. तिची आई धुणीभांडी करते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आला, अर्ज भरून झाला, आता कॉलेजकडून त्याची पडताळणी व्हायची आहे, आणि ती होईपर्यंत मी दर सोमवारी त्या कार्यालयात फोन करते.